पेटीच्या आतली फळी

सावली गावच्या संगीत भवनाला साठ वर्षं झाली म्हणून अध्यक्ष हरिदासने स्टेजजवळ काळ्या दगडाचा फलक बसवला. वर सोनेरी अक्षरं: 'या वास्तूला पाय लागलेले थोर पाहुणे'. आता पाहुणे म्हणजे कोण? एक सिनेमातला हिरो, ज्याची गाडी पंक्चर झाली नि जो संडास शोधत आत शिरला. एक नामी पैलवान, जो तबला ऐकता ऐकता घोरला. तेही फलक बघायला आलेल्या जमीलाने चालवून घेतलं असतं. पण सहावी ओळ वाचली नि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

मुंबईच्या सिनेमात गाणाऱ्या एक मोठ्या बाई वैनगंगेच्या पुरामुळे इथे दोन दिवस अडकल्या होत्या नि भर दुपारी या हॉलमध्ये गायल्या होत्या. ते खरंच. पुढे मात्र कोरलं होतं, 'पेटीची साथ: कै. दसरूजी'. दसरूजी म्हणजे हरिदासचा बाप! ज्याला पेटीचं तोंड कुठे नि पाठ कुठे हे कळत नव्हतं, तो म्हणे साथीला! अन् तीस वर्षं इथली पेटी वाजवून, दुरुस्त करून ज्याचा जन्म गेला, त्या अकरमचं, तिच्या अब्बाचं, कुठे नावच नाही.

"हरिदासभाऊ, हे काऊन लिवलं? साथीले माहे अब्बा होते."

"पुरावा हाय का, जमीलाबाई?" हरिदास हसला. "पाहुणे येऊन राह्यले. उगीच खोडा नका घालू."

पुरावा! एकदा लोकांनी दगडावर वाचलं की तेच खरं होणार, हे त्या लबाडाला बरोबर ठाऊक होतं. पण जमीलाही पेट्याच दुरुस्त करते, आणि अब्बाची सवय तिला ठाऊक होती. मोठी मैफल झाली की ते पेटी खोलून साफ करत आणि आतल्या फळीवर पेन्सिलीने तारीख नि हकीकत लिहीत. ती पेटी आता स्टेजवर टेबलावर मांडून ठेवली होती. जमीला घरी गेली, पेचकस घेतला नि तरातरा परत आली.

दारात पायरीवर देवकाबाई मासोळ्यांची टोपली घेऊन बसलेली. तरुणपणी ही इथे झाडू मारायची. आज वास येतो म्हणून तिला बाहेर बसवलं होतं.

"सरक ना मावशी, वाटेतच बसली तू!" जमीला खेकसली. देवकाबाई टोपली ओढून सरकली.

आत हरिदासचं भाषण रंगात आलं होतं. जमीला थेट स्टेजवर चढली.

"ओ बाई, हात नका लावू!" हरिदास ओरडला.

"माह्या बापानं जोडलेली पेटी हाय. मी नाई तं कोण हात लावन?"

चार स्क्रू निघाले. फळी हातात आली. अक्षर अब्बाचंच होतं. जमीलाने वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय झालं? हाय का बापाचं नाव?" हरिदासने विचारलं. लोक हसले.

होय म्हणाली असती तर कोण बघायला येणार होतं? त्या बारीक अक्षरावर कोणाची नजर पोचत नव्हती. क्षणभर तिला तसं म्हणावंसं वाटलंही. मग तिने माइक ओढला आणि वाचलं:

"'एकवीस ऑगस्ट. बाई गायल्या. माह्या उजव्या हाताले टाके. साथ देवकानं केली, आपली झाडूवाली पोरगी. म्या नुसता भाता मारला. मले असं जमलं नसतं.'"

जमीलाला आठवलं, झाडू मारून झालं की देवका रोज अब्बाजवळ पेटीपाशी बसायची. दमली असेल, असंच तिला तेव्हा वाटलं होतं. ती फळी छातीशी धरून दाराकडे गेली. आता तिचा राग कोणावर आहे हे तिचं तिलाच कळेना.

"मावशी, इतकी वर्सं काऊन नाई सांगतलं वं?"

"तुलेच सांगतलं होतं, दोन येळा," देवकाबाई म्हणाली. "तू म्हणली, ते राहू दे मावशी, मासोळ्या कशा दिल्या ते सांग."