वीतभर अंतरावरचे पाणी

मी एक जुना पेला आहे, मित्रांनो. चिनी मातीचा, पांढरा, एका बाजूला चोच असलेला. ती चोच आता अर्धीच उरली आहे. भट्टीतून निघाल्यावर मला पेंढ्यात गुंडाळले, रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने वाशीमला आणले आणि बायकांच्या एका लहानशा दवाखान्यात ठेवले. पेटीतून काढताना रुखमाबाई ही आया मला पाहून हसली होती. "हे तं चायदानीचं पोट्टं दिसते!"

माझे काम सोपे होते. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना मान उचलता येत नसे, त्यांच्या ओठांशी माझी चोच टेकवत. पाणी सांडत नसे, ठसका लागत नसे. पुष्कळ बायकांनी मला दुवा दिला. मला मात्र एकच बाई रोज आठवते.

१९३८ चा उन्हाळा होता. इंझोरीचे जैन दुकानदार कस्तुरचंद यांनी आपल्या पत्नीला, अंगुरीबाईंना, बैलगाडीतून आणले. सकाळी पोटाची शस्त्रक्रिया झाली. "दिवस मावळेपर्यंत पोटात थेंबही नको. मावळल्यावर थोडे थोडे पाणी द्या," असे बजावून डॉक्टरीणबाई त्या दिवसाच्या बाकीच्या शस्त्रक्रियांकडे वळल्या. पुरुषांना आत मज्जाव होता, म्हणून कस्तुरचंद बाहेर कडुनिंबाखाली बसले. खाटेपाशी राहिली लतीफा. बांगड्या विकणाऱ्या इस्माईलची ही मुलगी त्याच वर्षी नर्सिंग शिकायला आली होती.

दुपार गुंगीत गेली. खिडकीतले ऊन समोरच्या भिंतीवर वर वर चढू लागले, तेव्हा अंगुरीबाईंनी डोळे उघडले.

"पाणी दे, माय."

"देतो न, काकी. हे पहा, भरून ठेवलं. फक्त दिवस बुडू द्या."

लतीफाने हे आनंदाने सांगितले. तिच्या घरी रोज्यात सूर्य बुडाला की सगळ्यांचे ओठ पाण्याला लागत. बुडणारा सूर्य म्हणजे पाणी, एवढेच तिला ठाऊक.

अंगुरीबाईंनी खिडकीकडे पाहिले. "बुडल्यावर नाही चालत व मले. नेम हाय माहा. लग्न झाल्यापासून मोडला नाही. आत्ताच दे."

लतीफाचा चेहरा उतरला. "आलोच मी! इचारून येतो."

मला स्टुलावर ठेवून ती धावली. मी काठोकाठ भरलेला होतो. अंगुरीबाईंचा हात माझ्याकडे सरकला आणि वीतभर अलीकडेच थांबला. पुढे येण्याचे बळ त्यात नव्हते. मला तर पायच नव्हते. भिंतीवरचे ऊन छताला टेकले, फिकटले, गेले.

लतीफा धापा टाकत परतली. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार उघडेपर्यंत तिला बाहेर उभे राहावे लागले होते. "परवानगी भेटली, काकी! घ्या, घ्या."

अंगुरीबाईंनी तोंड फिरवले. "उशीर झाला, पोरी. आता सकाळी."

कस्तुरचंदांना आत बोलावले. ते रडवेले झाले. "अवं, जीव राह्यला तं नेम राहीन न! पाप मले लागू दे."

"पाप तुमी घ्यान," अंगुरीबाई क्षीण हसल्या, "पण पाणी तं माह्याच गळ्यातून उतरन न?"

डॉक्टरीणबाई लतीफावर रागावल्या. "हे मला सकाळीच का नाही कळवलं?"  सकाळी अंगुरीबाईंना कुणी काही विचारलेच नव्हते. तिने नाही आणि डॉक्टरीणबाईंनीही नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला, तेव्हा अंगुरीबाईंचे अंग तापाने फणफणले होते. माझ्या चोचीतला पहिला घोट त्यांनी गिळला. दुसरा हनुवटीवरून ओघळला. दुपारी खाट रिकामी झाली. त्या जखमेने गेल्या की तहानेने, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आले नाही.

मला धुताना लतीफाचे लक्ष रिकाम्या खाटेकडे होते. मी मोरीच्या दगडावर पडलो आणि माझी चोच तुटली ती तेव्हाच.

"टाकून दे आता," रुखमाबाई म्हणाली. लतीफाने टाकले नाही. पुढे खाटेवर नवी बाई आली की ती आधी विचारी, "काकी, खाण्यापिण्याचा काही नेम हाय का तुमचा?"

ती शिकून दुसऱ्या गावी गेली. नवे पेले आले. मी कपाटात गंजक्या कात्र्यांशेजारी पडून आहे.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल तर उशाशी पाणी जरूर भरून ठेवा. पण त्याआधी त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. मी भरलेला होतो, जवळ होतो, तरी कोरड्या ओठांच्या उपयोगी पडलो नाही.