मुठीखालचं लोखंड

सुमिनीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सोलो शहरातली ती अख्खी गल्ली लोटली होती. जागाबुमी गुरूंनी बाटिकच्या कापडावर केरिस टोकावर टेकवला, ओठ पुटपुटले, हात काढला, आणि तो नागमोडी खंजीर चक्क उभा राहिला. बायकांनी हात जोडले.

"मजापहितच्या राजाचा हा," गुरू म्हणाले. "उशाशी घेऊन झोपलो, तर स्वप्नात येऊन यानंच वय सांगितलं. सातशे वर्षं."

मागे उभा दर्सोनो जळत होता. हयातभर पात्याची घडण आणि लोखंडाचा पोत पाहून तो केरिसचा काळ ठरवत आला, आणि तरी "चारशे असेल, तीनशेही असेल" म्हणायचा. अशा माणसाला कोण विचारतो? पण मत्सर नुसता धंद्याचा नव्हता. मित्राची विधवा सुमिनी दर सुरो महिन्यात, म्हणजे केरिस लिंबाच्या रसानं धुवायच्या पवित्र महिन्यात, घराण्याचा केरिस स्नानाला त्याच्याकडे आणायची, घटकाभर बसायची. यंदा आलीच नाही. नवऱ्याचा केरिस तापट आहे, लेकीचं लग्न त्यानंच अडवलंय, तो देऊन हा शांत केरिस घ्या, असं गुरूंनी तिच्या मनात भरवलं होतं. तो खरा जुना केरिस गुरूंच्या मांडीवर जाऊनही बसला होता.

"कापड उचला," दर्सोनो म्हणाला.

"गिऱ्हाईक गेलं म्हणून जळताय, दादा," शेजारचा हसला.

"जळतोयच. तरी उचला."

त्यानं स्वतःच उचललं. खाली मेणाचा थर होता, त्यात टोक रुतलं होतं. गर्दीत कुजबुज झाली.

"मेण हे आसन आहे," गुरू शांतपणे म्हणाले. "पातं बघा, किती खाल्लंय काळानं."

लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा सुमिनी पुढे आली. "सुरो चालू आहे. आंघोळीशिवाय मी कुठलाच केरिस घरात घेत नाही. आंघोळीला मूठ काढावीच लागते, काढा."

"हा आपली आंघोळ आपण करतो."

"मग माझ्यासमोर करू दे," म्हणत तिनं मूठ पिळून ओढली. पातं खड्ड्याखड्ड्यांचं, पण मुठीतली सळई लख्ख, कानशीचे ओरखडेसुद्धा ताजे.

"मीठ आणि गंधकाचा लेप," दर्सोनो म्हणाला. "पातं खातो. मुठीत शिरत नाही."

सुमिनीनं गुरूंच्या मांडीवरून नवऱ्याचा केरिस उचलला, त्याचीही मूठ काढली. सळई काळवंडलेली, झिजून बारीक झालेली. तिनं दोन्ही केरिस लोकांत फिरवले. "माझं ऐकू नका, यांचंही नको. हात लावून बघा." तोवर गुरूंनी चपला शोधायला सुरुवात केली होती.

दर्सोनोला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "चला वहिनी, द्या इकडे. स्नान मी घालतो."

"नको, भावजी. यंदा मला शिकवा. त्यांच्या शब्दाला मी भुलले, कारण इतकी वर्षं तुमच्याही शब्दावरच चालत होते. तुम्ही खरं सांगत होता, पण तपासून मी कधी पाहिलंच नव्हतं."

शिकली की ती पुन्हा येणार नव्हती. खोटं सांगून त्याला ते टाळता आलं असतं. हे काम बाईमाणसाचं नाही, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं.

"लिंबं आणा," तो म्हणाला, "आणि जवळ बसा, म्हणजे नीट दिसेल."