शिवेवरची चाल

“मरीआईला तू आता मानत न्हाईस. खरं का खोटं?” अर्जुनराव पाटलांनी विचारलं.

“खरं हाय, मालक.”

“मग झालं तर! जिला मानत न्हाईस, तिची खोटी आण घेतल्यानं तुझं काय वाकडं होतंय? शिवेवरच्या बाभळीपासनं खाली उतरायचं, वढ्याच्या कडंकडंनं चालायचं. लई अवघड हाय का?”

धुळाजी येसकर ओसरीखाली उभा होता. पाटलांचं डोकं मोठं चालायचं, पण चांगल्या कामात कधी चाललं असेल तर शपथ. ओढ्याकाठची काळी जमीन पलीकडच्या गावच्या सुंदरबाईची. नवरा वारला, बाई एकटी पडली, आणि पाटलांनी शिवेचे दगड रातोरात ओढ्यापर्यंत सरकवले. पण बाई कसली गप्प बसते! तिनं थेट तहसिलीत अर्ज दिला. आता उद्या निजाम सरकारचा गिरदावर मोजणीची साखळी घेऊन येणार होता.

साखळीला लांबी कळते, जुनी शीव कळत नाही. ती पिढीजात शीव राखणाऱ्या येसकरालाच ठाऊक. म्हणून नेकनूरच्या भागात असा तंटा लागला की येसकर कपाळाला भंडारा लावायचा, कमरेला लिंबाचा पाला बांधायचा, मरीआईची आण घ्यायचा आणि त्या शेतातलं ढेकूळ डोक्यावर ठेवून चालायचा. त्याचं पाऊल पडेल ती शीव. धुळाजीचा आजा चालला, बाप चालला. पण ते दोघं ख्रिस्ती नव्हते. धुळाजी चार वर्षांपूर्वी झाला होता, महारवाड्यातल्या आणखी सहा घरांबरोबर.

“आन् धुळ्या,” पाटील सुपारी कातरत म्हणाले, “तुमचं ते प्रार्थनेचं छप्पर कुणाच्या जागेत हाय?”

“तुमच्याच, मालक.”

“तेवढं ध्यानात ठेव म्हंजे झालं.”

घरी येऊन त्यानं कडूबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “मग चाला की वढ्याकडनं.”

“आगं, खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा हाय.”

“मला नका शिकवू. मला धाच्या धा तोंडपाठ हायती. त्या बाईनं कवा आपल्याला दारात उभं केलं? तिच्या चार वाफ्यापाई सात घरांचा देव उन्हात आणता व्हय?” आता तिचे हात थांबले. “त्या भिंतींचा चिखल म्या तुडवलाय. माझी लेक सोनी जायच्या आदी तिथंच फादरबाबांनी तिच्या डोक्यावर पाणी घातलं. दुसरं काय ऱ्हायलंय तिचं? आवं, हे खोटं देवासाठीच हाय की!”

वाटेनं येताना धुळाजीच्याही मनात हेच आलं होतं. फादर वर्षातून दोनदा घोड्यावरून यायचे. त्यांना विचारावं तर ते थेट नाताळाला येणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा एकटा.

सकाळी शिवेवर दोन्ही गावं जमली. कुणीतरी लिंबाचा पाला आणि भंडारा पुढं केला. धुळाजीनं मान हलवली.

“हे न्हाई बांधणार.”

“बघा, बघा!” सुंदरबाई कडाडली. “बाटला हा! ज्याला आईची भीती न्हाई, त्याला खोटं चालायला काय लागतंय? ह्याची चाल मला मान्य न्हाई!”

पाटील मिशीत हसले. गिरदावर उन्हानं कावला होता. “अरे, कसम किसकी भी खाव, पर चलो बाबा!”

धुळाजीनं खाली वाकून ढेकूळ उचललं. मातीची त्याला ना नव्हती. राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावून म्हटलं होतं, माणसा, तू माती आहेस. तो मोठ्यानं म्हणाला, “मी ज्याला मानतो, त्याच्या म्होरं चालतोय. खोटं चाललो तर त्यो माझं बघून घील.”

तो चालू लागला. मागं दोन्ही गावं, त्यांच्या मागं साखळी. बाभळीपाशी येऊन त्याचे पाय थांबले. उजवीकडं ओढ्याचा उतार होता. समोर जुनी, सरळ शीव होती, आणि तिच्या टोकाला गावाच्या कडेचं ते छप्पर दिसत होतं. वरचा लाकडी क्रूससुद्धा दिसत होता. ढेकळाची माती घामात विरघळून डोळ्यांत उतरली. पाटील खाकरले.

देवा, तूच सांग की रे, तो पुटपुटला. कुणी काही सांगितलं नाही.

तो सरळ चालला.

शेवटच्या खुणेवर त्यानं ढेकूळ ठेवलं. गिरदावरानं तिथं दगड रोवायला लावला. सुंदरबाईला जमीन मिळाली. मग तिनं गड्याकडून गोमूत्र मागवलं आणि धुळाजीची पावलं उमटली होती तेवढ्या वाटेवर शिंपडलं. जमीन तेवढी गोड लागली!

पाटील ओरडले नाहीत की त्यांनी शिवी दिली नाही. जाताजाता म्हणाले, “सांजपस्तोर जागा मोकळी कर बे.”

दुसऱ्यांचे हात लागायला नकोत म्हणून धुळाजी स्वतःच छपरावर चढला. क्रूस उतरवला, गवत उपसलं, वासे काढले. भिंती पाटलांच्या गड्यांनी पाडल्या. कडूबाई तो सगळा वेळ पाठ करून बसली होती. पुढं तीन दिवस ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी सातही घरं महारवाड्यामागच्या खडकाळ माळावर जमली. धुळाजीनं दगड रचून त्यात क्रूस उभा केला होता. कडूबाई आली, पण त्याच्यापासून हातभर लांब बसली. खाली खडे टोचत होते, वर चैत्राचं ऊन होतं. धुळाजी पुढं म्हणत होता, बाकीचे मागं म्हणत होते.

“...आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, आणि जशी आम्ही आमच्या अपराध्यांना...”

तो अडला. माळावरून पाटलांचा वाडा दिसत होता, आणि ओढ्याकाठची सुंदरबाईची काळी जमीनही. ‘क्षमा’ हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. दोघांवरचा राग अजून गेला नव्हता, आणि तो देवाला दिसत असणार हे त्याला ठाऊक होतं. एक तान्हं पोर रडायला लागलं.

कडूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग ती गुडघ्यांवरच सरकत त्याच्या शेजारी आली.

“म्हणा की आता,” ती चिडून म्हणाली. “लेकरं उन्हात हायती.”

आणि धुळाजी म्हणाला.