पंप धुण्याची जागा

मित्रांनो, मी एक जुनी माती आहे. राजांनी माझ्यासाठी लढाया केल्या, कवींनी मला माथी लावलं आणि शेवटी राजे नि कवी दोघेही माझ्यातच मिसळले. हे अर्थात एकूण मातीजातीबद्दल झालं. माझ्यापुरतं बोलायचं तर औजारांच्या खोलीमागे सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद, एवढाच माझा पसारा. माझ्यासाठी आजवर फक्त दोन बोके भांडले, तेही माशाच्या डोक्यावरून.

माझा जन्म कधी झाला ते सांगता येणार नाही. खडक झिजला, पानं कुजली, गांडुळांनी इमानेइतबारे आपला पोटापाण्याचा उद्योग केला आणि मी काळीभोर झाले. घरचे लोक पालापाचोळा आणि शेण माझ्याच अंगावर टाकत. "हा कोपरा म्हणजे नुसतं लोणी आहे," असं म्हातारबाबा म्हणत. तेव्हा ते म्हातारे नव्हते. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन ते शेतभर हिंडत आणि संध्याकाळी तो पंप माझ्यावर धुऊन पालथा घालत. त्यांच्या पंपातल्या पांढऱ्या पुडीने कीड पटापट मरे, त्यामुळे शेजारी त्यांना पंपसम्राट म्हणत. उरलीसुरली पूड जमिनीत मुरली की संपली, अशी सगळ्यांची समजूत होती.

मुरली एवढं खरं. संपली मात्र नाही.

या पुडीचा स्वभावच विचित्र. पाण्याशी तिचं हाडवैर, त्यामुळे कितीही पाऊस पडो, ती वाहून जायची नाही. पण कुजलेल्या पानांचा काळा अंश दिसला की गुळाला मुंगळा चिकटावा तशी चिकटायची. आणि तो अंश माझ्यात भरपूर. पहिली काही वर्षं ती माझ्या कणांच्या ओसरीवर बसून होती. मग हळूहळू माजघरात शिरली, इतक्या बारीक फटींत, की तिला खाऊन संपवणारे सूक्ष्म जीव बाहेरच ताटकळत राहिले. बऱ्याच वर्षांनी तिच्यातली थोडी विरली, पण विरताना स्वतःपेक्षाही चिवट असं भावंड मागे ठेवून गेली. पुढे पुडीवर बंदी आली. पंप भंगारात गेला, खोलीला नवा रंग लागला आणि माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

गेल्या वर्षी घरात नात जन्मली आणि माझे दिवस पालटले. "बाळाला पहिला घास घरच्या भोपळ्याचा आणि घरच्या गाजराचा द्यायचा," सूनबाईंनी जाहीर केलं. "बाजारातल्या भाजीवर काय काय मारतात, कोण जाणे." आणि त्यांनी सगळ्यांत काळी जागा निवडली. म्हणजे मी.

बाई कामाच्या पक्क्या. आधी माझी तपासणी करून घेतली. कागद आला : नत्र चांगलं, स्फुरद चांगलं, पालाश चांगलं, सेंद्रिय कर्ब उत्तम. पुडीबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कागदानेही ते सांगितलं नाही.

"बाबा, पहिला नंबर," मुलगा कागद फडकवत म्हणाला. "मला शाळेत कधी मिळाला नाही."

"तुझ्यात कर्ब कमी पडला," म्हातारबाबा म्हणाले.

"बाबा, पूर्वी इथं काय होतं हो?" सूनबाईंनी विचारलं.

म्हातारबाबांनी बराच वेळ चहा फुंकला. "काय असणार? माती."

मला पहिल्यांदाच पहिला नंबर मिळाला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. गाजराची मुळं खाली उतरू लागली. भोपळ्याची मुळं तर फार लाघवी, गोड बोलून आतलं बाहेर काढणारी. मला मुठी नाहीत, तरी मी आवळून धरल्या.

एका सकाळी सूनबाई वाफ्यातलं तण काढत होत्या. बाळ शेजारी बसलं होतं. त्याने मला मूठभर उचललं आणि तोंडात घातलं.

"असू दे," सूनबाई हसल्या. "सगळीच मुलं खातात. बाबा, तुमचा मुलगा तर वाटीभर खायचा म्हणता ना?"

खुर्चीतून उठायला म्हातारबाबांना एरवी पाव तास लागे. त्या दिवशी ते तीन ढांगांत पोचले आणि बाळाच्या तोंडात बोट घालून त्यांनी मला कणाकणाने बाहेर काढलं. बाळाने भोकाड पसरलं.

"अहो बाबा, झालं काय?"

"तो खायचा तेव्हा मला ठाऊक नव्हतं," म्हातारबाबा म्हणाले. "बंदी आली तेव्हा कळलं. इथं मी पंप धुवायचो, पोरी. वीस वर्षं."

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"कागदावर उत्तम लिहिलं होतं गं. वाटलं, सुटलो."

सूनबाईंनी बाळाला काखेत घेतलं आणि दुसऱ्या हाताने भोपळ्याचा वेल मुळासकट उपटला, मग एकेक करून सगळी गाजरं.

मग मला दुसऱ्या, मोठ्या प्रयोगशाळेत नेलं आणि या खेपेला नेमका प्रश्न विचारला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आहे. धुऊन जाणार नाही, नांगरून जाणार नाही. गवत लावा, शोभेची फुलं लावा. खायचं काही नको. कोंबड्याही सोडू नका, त्या माती टिपतात आणि ते अंड्यात उतरतं."

"किती दिवस?"

"ही मुलगी आजी झाली की पुन्हा तपासायला आणा."

आता बाळाच्या भाज्या पुढच्या अंगणात, दुसऱ्या मातीत वाढतात. मला तारेचं कुंपण आहे आणि त्यावर म्हातारबाबांनी स्वतः रंगवलेली पाटी : 'इथे मी वीस वर्षं पंप धुतला. खाण्याचं काही लावू नये.' शेजारी तिला सम्राटांचा शिलालेख म्हणतात. म्हातारबाबा आल्या-गेल्याला ती मोठ्याने वाचून दाखवतात. सूनबाई त्यांच्याशी पुन्हा बोलू लागल्या आहेत, बेताने.

मित्रांनो, जमिनीत काय ओतलंत ते मागून येणाऱ्याला सांगून जा. त्याने विचारायची वाट बघू नका. हे फारच अवघड वाटत असेल तर निदान जरा इकडे या. शेजारची कोंबडी तारेखालून आत शिरली आहे. तेवढी हाकला.