अठ्ठ्याहत्तरावा दिवस

“हौशीराम असं टाक की. ह्या नावाचा माणूस आख्ख्या शिवारात दुसरा नव्हता,” गेणभाऊ म्हणाले.

“टाकलं काका. एकही मेल नाही,” जागृती म्हणाली.

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या चिमाबाईंना वाचता येत नव्हते. तरी त्यांनी डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहिले, जणू रिकामी जागा तरी ओळखता येईल.

परदेशी जाणारी द्राक्षे भरणारे हे पॅकहाउस आळेफाट्याच्या अलीकडे होते. २००७ चा सप्टेंबर, नव्या हंगामाची नोंदणी चालू. व्हरांड्यात शेतकऱ्यांची रांग लागली होती. आळेफाट्यावरच्या दुकानदाराची मुलगी जागृती रसायनशास्त्र शिकून जूनपासून इथल्या कॉम्प्युटरवर बसत होती. गेणभाऊ शेतकरी गटाचे प्रमुख. मागच्या हंगामात चिमाबाईंच्या नवऱ्याच्या, हौशीरामच्या, बागेच्या नमुन्यात बंदी असलेल्या औषधाचा अंश निघाला आणि बाग निर्यातीच्या यादीतून गेली. वैशाखात हौशीरामही गेले. मागे राहिली ती कुजबुज: म्हाताऱ्याने चोरून फवारले आणि सापडला.

“वैनी, कशाला उकरायचं आता? माणूस गेला,” गेणभाऊ म्हणाले.

“गेला म्हणून तर उकरते. असता तर त्यांनाच इचारलं असतं.” चिमाबाई जागृतीकडे वळल्या. “इथं येऊन त्यांनी कायतरी लिवून घेतलं व्हतं, बाय. घरी आले ते जेवलेच न्हाईत. काय लिवलं, तेवढं मला कळू दे.”

आधीचा ऑपरेटर विपुल नोकरी सोडून गेला होता, पण त्याचे जुने मेल जसेच्या तसे ठेवलेले होते. जागृतीला हे शोधाचे चौकोन आवडत. कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख. नीट विचारले तर उत्तर मिळते, चुकीचे विचारले तर काहीच नाही. प्रयोगशाळेत असायचे तसेच.

मग तिच्या लक्षात आले. पॅकहाउसच्या मेलमध्ये शेतकऱ्याचे नाव कधीच नसे, फक्त बागेचा नोंदणी क्रमांक. तिने क्रमांक टाकला. एकशे बेचाळीस मेल.

“मावशी, ते इथे आले ती तारीख आठवते का?”

“तारीख कुठली आठवायला! छाटणीपासून अठ्ठ्याहत्तरावा दिवस व्हता. मण्यात पाणी उतरत व्हतं.”

“बघ, शेठजीच्या लेकी,” गेणभाऊ हसले, “आमचं कॅलेंडर छाटणीला सुरू व्हतं. तुझ्या मशीनला कळतंय का ते?”

“मशीनला नाही, मला कळतं.” रजिस्टरमध्ये छाटणी बारा ऑक्टोबरची होती. जागृतीने बोटांवर महिने मोजले: एकोणतीस डिसेंबर. मागचे-पुढचे दोन-दोन दिवस धरून तिने तारखा टाकल्या.

काहीच नाही.

“मावशी, सगळी बाग एकाच दिवशी छाटली होती?”

“कुठली! छाटणीला आहुप्याची, डोंगराकडली माणसं व्हती. वरचा तुकडा झाला अन् त्यांचा भात कापायला आला. गेली निघून. बारा दिसांनी आली, तवा खालचा तुकडा छाटला.”

“मग अठ्ठ्याहत्तर कुठल्या तुकड्याचे?”

“खालच्याचे. फवारा तिथंच चालला व्हता.”

बारा दिवस पुढे, म्हणजे दहा जानेवारी. स्क्रीनवर एकच मेल उरला. पाठवणारा विपुल, घेणारी प्रयोगशाळा. जागृतीचे बोट माउसवर थांबले.

“उघडू?”

“वंगाळ असलं तरी वाच.”

मेल इंग्रजीत होता. जागृती एकेका वाक्याचे मराठी करत गेली. “शेतकरी स्वतः येऊन सांगतो, की शेजाऱ्याकडून आणलेल्या पिंपात दुसरे औषध उरलेले होते. न धुता त्याने त्यातच पाणी भरले. निम्मा तुकडा फवारल्यावर वास आला. त्याची विनंती आहे, की त्याचा नमुना आधी तपासावा आणि निकाल येईपर्यंत त्याचा माल गटाच्या मालात घेऊ नये.”

गेणभाऊंचा चहा हातातच राहिला. “आमच्यात मिसळला असता तर आख्खा कंटेनर माघारी आला असता,” ते हळू म्हणाले. “चौतीस जणांचा माल व्हता. अन् हा मला बोललासुद्धा नाय.”

“मला तरी कुठं बोलले,” चिमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “यादीत काय लिवलंय?”

जागृतीने यादी उघडली. “कारण: नमुना नापास.”

“बाग गेली ती गेली. कारण तेवढं खरं लिव.”

जागृतीने गेणभाऊंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. तिने जुने शब्द पुसले आणि नवे टाइप केले. गेणभाऊंनी चष्मा लावला, उठून उभे राहिले आणि व्हरांड्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात वाचले, “हौशीराम. कारण: चूक शेतकऱ्याने स्वतः येऊन कळवली. माल स्वतःहून बाजूला ठेवला.”

चिमाबाई उठल्या, पदर नीट केला आणि दाराकडे निघाल्या. रांगेतल्या माणसांनी आपापल्या चपला पायाने बाजूला सारल्या आणि त्यांना मधून वाट दिली.