कानाखालची खोट

“खोट आहे,” थोरली म्हणाली आणि तिनं तो जग डावीकडच्या फळीवर ठेवला. चिनीमातीच्या त्या कारखान्यात उजव्या फळीवरचा माल भट्टीत जायचा. डावीकडचा, रंग पुसून पुन्हा रंगवायला. कुठलं भांडं कुठं, हे थोरली ठरवायची. तिच्या शब्दापुढे मालकही जात नसत.

जग तिच्या धाकट्या जावेनं रंगवला होता आणि त्यात खोट नव्हती. गळ्याभोवतीची निळी वेल एका दमात काढलेली, हात कुठं थांबल्याची खूण नाही. सकाळी मालकांनी तो खिडकीशी नेऊन चारचौघांना दाखवला होता. हात थरथरायला लागेपर्यंत थोरलीनंही वर्षानुवर्षं अशाच वेली काढल्या होत्या. तिची वेल कुणी खिडकीशी नेली नव्हती. सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं.

“कुठं हो, जाऊबाई?” धाकटीनं विचारलं.

“दिसत नाही तुला?”

“नाही ना. दाखवा, पुढच्या वेळी सांभाळीन.”

आली का पंचाईत! थोरलीनं जगाच्या धरायच्या कानाखाली, वेल वळते तिथं, बोट टेकवलं. “ही बघ. दबलीय.”

धाकटी वाकून बघत राहिली. “हो की! आत्ता दिसली. तुमची नजर म्हणजे नजर.” आणि तिनं स्वतःच ओल्या फडक्यानं वेल पुसून टाकली.

रात्री जेवताना धाकटी म्हणाली, “आज माझ्या जगात खोट निघाली.”

सासूबाईंना वेगळंच वाटलं. “जगात खोट असायचीच गं. त्याचं काय एवढं?”

सगळे खो खो हसले. थोरली ताटावरून उठली.

पुढच्या खेपेचे जग आले. प्रत्येकाच्या कानाखाली वेल अडखळलेली, रंगाचा गोळा झालेला. आता खोट आंधळ्यालाही कळली असती.

“जमलं ना?” धाकटी उत्साहानं म्हणाली. “तिथं मुद्दाम दोनदा हात फिरवलाय.”

तोच शब्द थोरलीच्या ओठांवर आला. आज तो खराही होता. उच्चारला असता तर अख्खी खेप बिघडवली म्हणून मालकांनी धाकटीला उद्यापासून माती मळायला लावलं असतं.

“तिथं काही करू नकोस,” ती म्हणाली. “पहिल्यांदा काढली होतीस तशीच काढ.”

“पण तिच्यात तर खोट होती.”

“नव्हती.”

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. तिनं एक जग पुसला, कुंचला भिजवला आणि वेल धरली. गळ्याभोवती वेल सरसर निघाली. थोरली बघत होती.

कानाखाली आल्यावर धाकटीचा हात आपसूक थांबला.