मेलेल्यांच्या बाजूला

"...इलिंका, वासिले, तोआदर," फादर वाचत होते. "हे प्रभो, निजलेल्या या तुझ्या सेवकांना विसावा दे."

तोआदर माझा नवरा. तो घरी खाटेवर होता, चांगला जिवंत.

आमच्याकडे रविवारी फादरना नावांची चिठ्ठी द्यायची असते. डावीकडे जिवंतांची नावं, उजवीकडे गेलेल्यांची. अक्रोडाच्या झाडावरून पडून तोआदरची कंबर कायमची गेली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्याचं नाव डावीकडे, सगळ्यांत वर लिहीत आले. आज ते उजवीकडे उतरलं होतं.

शेजारच्या लुक्रेत्सियाने मला कोपराने ढोसलं. "अगं पारास्किवा, तोआदर गेला? आणि तू इथं?"

"माझा मामा तो," मी म्हटलं. "त्याचंही नाव तोआदरच." भर चर्चमध्ये उभं राहून धडधडीत खोटं बोलले.

"बाई बाई, घाबरलेच मी! तुझी सबुरी बघून तर आम्ही दिवस काढतोय."

माझ्या सबुरीचं गावात भारी कौतुक. फादर प्रवचनात बायबलातल्या सोशिक ईयोबानंतर माझंच नाव घ्यायचे. मी खाली बघायची, पण आतून सुखावायची, हेही सांगून टाकते. आज मात्र लाजेने मान वर होईना.

घराच्या फाटकाशी आले आणि एकदम आठवलं. चर्चवरच्या कर्ण्याचं तोंड आमच्या खिडकीकडे होतं. तोआदरला पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी म्हणून मीच फादरच्या मागे लागून ते वळवून घेतलं होतं.

तो छताकडे बघत होता.

"आज आजोबांचं नाव दिलंस वाटतं," तो म्हणाला.

त्याच्या आजोबांचं नाव ग्रिगोरे. मला ठाऊक होतं, त्यालाही. मी नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"तुझंच होतं ते," मी म्हटलं. "सकाळी तू तिसऱ्यांदा हाक मारलीस ना, तेव्हाच चिठ्ठी लिहीत होते. हात चुकला म्हटलं असतं, पण चुकला नव्हता." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोआदरने छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"सहा वर्षांत एकदाच?" तो म्हणाला. "मी तर रोज सांगतो देवाला, उचल मला, हिची सुटका कर. माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार!"

"असलं मागू नये रे देवाकडे."

"मग काय मागावं?"

गावाला सबुरीचा धडा म्हणून दाखवली जाणारी मी, उगाच त्याचं पांघरूण सारखं करत राहिले.

"बरं, आता वळव मला," तो म्हणाला. "पाठ पेटलीय नुसती."

मी त्याच्या पाठीखाली हात घातले. त्याने दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. कुशीवर वळवून झालं तरी त्याने ते काढले नाहीत, आणि चुलीवर सूप उतू जात असूनही मी ते सोडवले नाहीत.